मित्रसंमित : हिंगणे ते कोथरूड

काव्यप्रयोजने शिकवताना आम्ही दोघीही एका ठिकाणी घाईने पुढे सरकतो, हे अलीकडे आमच्या ध्यानात आले. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सहा प्रयोजने सांगितली, त्यांतले शेवटचे कांतासंमित उपदेशाचे. ते समजावून देताना उपदेशाच्या तीन तऱ्हा सांगायच्या असतात. वेदांचा उपदेश प्रभुसंमित, म्हणजे धन्याच्या आज्ञेसारखा. पुराणे आणि इतिहास यांचा सुहृत्संमित किंवा मित्रसंमित. काव्याचा कांतासंमित, म्हणजे प्रियेने गोडीगुलाबीने मन वळवावे तसा. फळ्यावर तीन शब्द लिहून होतात आणि विद्यार्थी तिसऱ्याखाली रेघ ओढतात, कारण परीक्षेत प्रश्न त्यावर येतो. पहिला शब्द तुलनेपुरता लागतो. मधला मात्र नुसता वाचून सोडून दिला जातो. वास्तविक मित्र काय करतो? तो हुकूम करीत नाही आणि भुरळही घालीत नाही. असे केले तर असे होते, अमक्याने केले तेव्हा त्याचे असे झाले, एवढे तो सांगतो आणि करायचे की नाही ते ऐकणाऱ्यावर सोडतो.

या मधल्या शब्दाकडे परत जावेसे वाटले ते एका वहीमुळे. कोथरूडमधली आमच्यापैकी एकीच्या आईची इमारत १९८० नंतरच्या दशकातली. भोवतालच्या अनेक इमारतींप्रमाणे तीही आता पुनर्विकासाला जायची आहे, म्हणून माळे रिकामे करण्याचे काम निघाले. त्यात हिशेबाची एक लांबट वही सापडली. पहिली पाने दुधाच्या हिशेबाची. पुढे हिशेब थांबतो आणि वेगळेच काही सुरू होते. ‘वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे मेतकूट’ असे शीर्षक आणि खाली डाळींचे प्रमाण. ‘बँकेतल्या मैत्रिणीचा स्वेटर’ आणि खाली दोन सुलट, दोन उलट असा विणीचा पाठ, मध्येच एक चूक खोडून दुरुस्त केलेला. गुलाबाला चहाचा चोथा घालावा, पण आधी धुऊन घ्यावा, नाहीतर मुंग्या होतात. सिलिंडरमध्ये गॅस किती उरला हे पाहायचे असेल तर ओले फडके वरून खाली फिरवावे. जिथवर ओल उशिरा वाळते तिथवर गॅस. बालवाडीत मूल रडते म्हणून आईने वर्गाबाहेर बसून राहू नये, त्याने रडणे लांबते. एके ठिकाणी तान्ह्या मुलाच्या कानात कोमट तेल घालण्याचा उपाय लिहिला आहे आणि नंतर वेगळ्या शाईने त्यावर काट मारून बाजूला ‘घालू नये, डॉक्टर रागावले’ अशी नोंद केली आहे. प्रत्येक नोंदीला सांगणारणीचा पत्ता आहे. बहुतेक जणी नात्याने, मजल्याने किंवा नोकरीच्या जागेने ओळखल्या जातात. पाळण्यातले नाव क्वचितच.

आमच्या व्यवसायाची सवय अशी, की कागद हाती आला की त्याची परंपरा शोधायची. ही वही कोणत्या परंपरेतली? पाककृतींच्या पुस्तकांतली म्हणावी तर तिच्यात विणकाम आहे, बालसंगोपन आहे, एका पानावर तर बदलीच्या गावी नवरा एकटा राहणार असेल तर त्याच्याबरोबर कोणती भांडी द्यावीत याची यादी आहे. रोजनिशी म्हणावी तर लिहिणारी स्वतःविषयी एक अक्षर लिहीत नाही. आम्हांला वाटते, तिचे मूळ आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मात्र तिथे जाण्याआधी थोडे मागे, १८८२ साली, जायला हवे.

ते वर्ष मराठी स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात आपण दोन पुस्तकांसाठी लक्षात ठेवतो. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ त्या वर्षी पुण्यात छापली गेली आणि पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ही त्याच वर्षीचे. पहिले पुस्तक भांडते, आणि झकास भांडते. दुसरे शिकवते. चोवीस वर्षांच्या, नुकत्याच विधवा झालेल्या रमाबाई त्यात स्त्रियांना अभ्यास, स्वावलंबन, संसार, मुलांचे संगोपन यांविषयी सांगतात. पुढच्या बंडखोर रमाबाई ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे पुस्तक थोडे परके वाटते, कारण त्यातला स्वर उंच आसनावरून येतो. आमच्या मते त्या वर्षीची अधिक महत्त्वाची गोष्ट पुस्तकाबाहेर घडली. रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रिया ठरलेल्या दिवशी, घराबाहेर, एकमेकींशी बोलण्यासाठी जमू लागल्या. तोवर बायका एकत्र येत त्या देवळात, नदीवर, हळदीकुंकवाला. म्हणजे एकत्र येण्याला दुसरे काही निमित्त लागे. निव्वळ बोलण्यासाठी जमणे हे नवे होते.

किती नवे, ते रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) वाचताना कळते. हे पुस्तक आपण पतिचरित्र म्हणून, सुधारणेचा दस्तऐवज म्हणून शिकवतो. एकदा ते केवळ सल्ल्यांचा ग्रंथ म्हणून वाचून पाहावे. न्यायमूर्ती पत्नीला शिकवू पाहतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला समजावतात, की पुरुष म्हणतात ते सगळेच मनावर घ्यायचे नसते. तू दुर्लक्ष केलेस म्हणजे त्यांनाही कंटाळा येईल. सल्ला मऊ आहे, तुझ्या बऱ्यासाठी सांगतो असा आहे. त्यात व्यवहारचातुर्यही आहे. तो मानला नाही तर मात्र अबोला आणि टोमणे आहेत. मम्मटाच्या भाषेत बोलायचे तर मित्रसंमिताचा वेष घेतलेला हा प्रभुसंमित उपदेश. ऐकणारीला नाही म्हणण्याची मोकळीक आहे का, एवढ्या एका गोष्टीवरून दोहोंतला फरक ओळखता येतो. ही कसोटी आम्ही पुढे वारंवार वापरणार आहोत आणि शेवटी ती आमच्यावरही उलटणार आहे.

हरिभाऊ आपट्यांना हा फरक नेमका दिसला होता. ‘करमणूक’मधून १८९० पासून आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमूला सल्ला देणाऱ्या माणसांची वाण नाही, पण दुर्गी ही मैत्रीण भेटते तेव्हा कादंबरीच्या भाषेचा पोत बदलतो. दुर्गीजवळ तोडगा नाही, तिची स्वतःची दशा यमूहून बिकट आहे. ती आपले सांगते, यमू आपले सांगते. विद्यार्थ्यांना आम्ही वास्तववाद शिकवताना हे प्रसंग दाखवतो. यापुढे मैत्री शिकवतानाही दाखवू.

आता हिंगण्याला येऊ. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आरंभी आश्रम शहरात होता. १९०० साली, प्लेगच्या दिवसांत, तो हिंगणे बुद्रुकला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात गेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले होते. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातले शिकवणे आटोपून शहरातून पायी हिंगण्याला जात. आज त्या बाजूचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे, कोथरूडात त्यांचा पुतळा आहे आणि पुतळ्यापाशी रिक्षा मिळत नाहीत म्हणून आपण रोज वैतागतो, असो. कर्व्यांचा इतिहास सर्वांना पाठ आहे. त्या झोपडीत राहणाऱ्या मुलींचा दिवस कसा जात असेल, हा प्रश्न मात्र त्या पाठ इतिहासात बसत नाही. घरातून तुटलेल्या तरुण विधवा तिथे एकत्र राहत होत्या. सासरी-माहेरी ज्ञान वरून खाली येते. सासूकडून सुनेकडे, आत्याकडून भाचीकडे. इथे वयाने थोड्याबहुत सारख्या, दुःखाने अगदीच सारख्या मुली एकमेकींना सांगणार, विचारणार. हे सांगणे-विचारणे कोणी लिहून ठेवले नाही, पण त्याचा आवाज दोन आत्मचरित्रांत आम्हांला ऐकू येतो.

पहिले पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ (१९२८). दुसरे त्यांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). ही दोन शीर्षके शेजारी ठेवा. कहाणी आणि पुराण! दोघींपैकी एकीनेही आपल्या पुस्तकाला आत्मचरित्र किंवा आत्मवृत्त म्हटलेले नाही. कर्व्यांच्या पुस्तकाचे नाव मात्र ‘आत्मवृत्त’ (१९१५) आहे. मम्मटाने मित्रसंमिताच्या वाट्याला पुराणच दिले होते. आणि कहाणी म्हणजे श्रावणातल्या व्रतांची, पूजा झाल्यावर हाती तांदूळ धरून एका बाईने दुसरीला सांगायची गोष्ट. एक होती, तिने असे केले, तिला असे फळ मिळाले. बोलताना ‘तिचे पुराण लागले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात थट्टा असते, हे बायांना ठाऊक असणारच. ती थट्टा त्यांनी स्वतःच आधी करून घेतली आहे. या दोन बहिणींना अलंकारशास्त्र ठाऊक होते असा दावा आम्ही करीत नाही. त्यांच्या जिभेवर जे दोन शब्द सहज आले ते त्या परंपरेतले होते, इतकेच.

त्या दोघींचे म्हणणे सारखे नाही, हेही सांगायला हवे. बाया पुनर्विवाहित. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी कर्व्यांशी लग्न केले आणि मुरूडच्या बहिष्काराचे चटके सोसले. आश्रमाला लोकांच्या देणग्या हव्या होत्या, म्हणून पुनर्विवाहाचा प्रश्न कर्व्यांनी आश्रमापासून दूर ठेवला. परिणामी आश्रमाच्या संस्थापकाची बायकोच तिथे काहीशी परकी ठरली. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या हिंडल्या, १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे घरकामे करून राहिल्या. इतके करूनही स्त्रीशिक्षणात घरसंसाराचे शिक्षण मुख्य असावे असे त्यांचे मत होते. आजच्या वाचकाला ते पटणार नाही, आम्हांलाही पटत नाही. पण त्या ते मत आपल्या अनुभवाच्या तारणावर मांडतात आणि वाचणारीला वाद घालायला जागा ठेवतात. बायांच्या पुस्तकात तर ही जागा आणखी मोठी आहे. नवऱ्याच्या त्यागाची किंमत घरातल्या बाईने काय मोजली, ते त्या हिशेबाच्या सुरात, रडगाणे न गाता सांगतात. मराठी गद्यशैलीच्या अभ्यासात चिपळूणकर, आगरकर, परांजपे यांच्या वाक्यरचनेवर आपण तास घालवतो. बायांच्या वाक्याला एक तास द्यावा, अशी आमची सूचना आहे.

त्याच घरातून आणखी एक सल्लागार निघाला. तो मात्र वडिलांनाही पचला नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ चा. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, ते १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत. या मासिकातला प्रश्नोत्तरांचा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. वाचक लैंगिक आयुष्याविषयी, शरीराविषयी, लाजेपोटी कोणालाही विचारता येत नाही असे काही लिहून पाठवीत आणि कर्वे उत्तर छापीत. उत्तरे कोरडी, तुटक. मित्राचा ओलावा त्यांत शोधू नये. तरीही आमच्या कसोटीवर ही उत्तरे मित्रसंमित ठरतात. कारण पाप-पुण्याची भीती न घालता शरीराचा व्यवहार असा आहे, एवढेच ती सांगतात. सत्तेला नेमके हेच खुपले. आधी एका लेखासाठी दंड झालाच होता. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोक प्रश्न विचारतात तर उत्तर का देऊ नये, हा बचावाचा गाभा होता. खटला हरला आणि २०० रुपये दंड झाला. मराठीत सल्ला देण्यावरून, तोही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यावरून, न्यायालयात उभे राहावे लागल्याचे हे उदाहरण वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरते येते.

कर्व्यांनी जी पत्रव्यवहाराची वाट चोखाळली तिच्या मवाळ बाजूला किर्लोस्करवाडी होती. कारखान्याचे बातमीपत्र म्हणून १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ऑगस्ट १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ काढले. स्त्रियांच्या मासिकाचा संपादक पुरुष, यावर आज भुवया उंचावतील. पण ‘स्त्री’ने वाचणाऱ्या बाईला लिहिणारी बाई केले, हे त्याचे खरे काम. शिवण, विणकाम, मुलांचे आजार, सासरचे प्रश्न यांवर गावोगावच्या बायका लिहू लागल्या. इथे आम्हांला एक तक्रारही नोंदवायची आहे. छापील सल्ला पसरतो तेव्हा सांगणारणीचा मजला, गल्ली, नाते गळून पडते. वहीतल्या वहिनींचे मेतकूट छापले की नुसते ‘मेतकूट’ होते.

पाककृतींच्या पुस्तकांत या नात्याची आठवण शीर्षकापुरती तरी टिकली. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या पुस्तकाचे नाव ‘गृहिणी-मित्र’. रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणि हा मित्र एकाच सालचे, हा योगायोग गमतीचा आहे. साठ वर्षांनी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. शाळा फारशी न शिकलेल्या, सांगलीच्या सासरी स्वयंपाक शिकलेल्या बाईंचे हे पुस्तक लाखोंच्या घरात खपले. त्याचे यश कशात आहे? आमच्या मते वाटी आणि चमच्यात. ‘रुचिरा’तले प्रमाण घरातल्या वाटी-चमच्याचे आहे, ग्रॅम-औंसांचे नाही. आजीच्या ‘अंदाजाने घाल’ या आज्ञेने नव्या मुलीचा गोंधळ उडे; तराजू तिच्या घरी नसे. वाटी मात्र प्रत्येकीकडे होती. ज्या मुलींच्या घरी सांगायला सासू नव्हती, किंवा असून सांगत नव्हती, त्यांना हे पुस्तक लग्नात आहेर म्हणून मिळू लागले.

अशा मुली कोथरूडात मोठ्या संख्येने आल्या. पुण्याच्या पेठांतून वस्ती बाहेर सरकत होतीच; १९६१ च्या पानशेतच्या पुराने तिला वेग दिला. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत कोथरूडच्या गावठाणाभोवतीच्या मोकळ्या जमिनीवर सहकारी गृहरचना संस्था आणि वसाहती उभ्या राहिल्या. वाड्यात बिऱ्हाडे एका चौकाभोवती असत आणि वडीलधाऱ्या बायकांचे लक्ष सर्वांवर असे. नव्या इमारतीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी आणि बंद होणारे दार. राहणारी जोडपी बँकेत, विम्यात, शाळेत, कारखान्यात नोकरी करणारी, बरीचशी सांगली-सातारा-कोकण-विदर्भातून आलेली. सासू गावी. फोन मिळायला वर्षे लागत. मूल रात्री दीड वाजता कळवळून रडू लागले तर समोरचे दार वाजवायचे, दुसरा इलाज नसे. आमच्या आया कोणत्याही सिद्धान्ताशिवाय, केवळ गरजेपोटी, समवयस्कांचा सल्ला घेऊ लागल्या. हिंगण्याच्या झोपडीत दुःखाने जे केले ते इथे बंद दाराने केले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरला पाहिजे; या बायकांचे दुःख त्या विधवांच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. मात्र वरून येणारा सल्ला तुटला की आडवा सल्ला सुरू होतो, हे दोन्हीकडे खरे आहे.

या आडव्या सल्ल्याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे गॅलरीतले ब्रह्मकमळ. आमच्या इमारतीतले एकही ब्रह्मकमळ विकत आणलेले नव्हते. कोणीतरी पान द्यायचे, ते कुंडीत खोचायचे, पाणी बेताचे, ऊन सकाळचे, आणि कळी मान वर करू लागली की आज रात्री फुलणार असे समजायचे. मग रात्री अकराला सगळा मजला गॅलरीत, हातात कॉफी. ही वनस्पती मुळात हिमालयातली ब्रह्मकमळ नव्हेच. ती मध्य अमेरिकेतून आलेली निवडुंगाच्या कुळातली. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले. नाव चुकीचे, माहात्म्य चुकीचे, पण लागवडीचा सल्ला अचूक! मैत्रिणींमधल्या ज्ञानाचे असेच असते. उगम विचारला तर सगळे कोसळते. पान खोचले तर जगते.

वहीतल्या एका नोंदीने मात्र आम्हांला बोचले. ‘कामाच्या बाईंनी सांगितलेला काढा, खोकल्यावर’. बाकी सर्व जणी वहिनी, काकू, मैत्रीण. इथे नाते नाही आणि मजलाही नाही. सकाळी चार घरी भांडी घासणारी ती बाई या साखळीतला खरा दुवा होती, कारण एका घरातला उपाय दुसऱ्या घरात तीच नेई. तिची स्वतःची देवघेव आम्हांला कधी ऐकू आली नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तो संप होण्यापूर्वी नळावर, बसथांब्यावर, जिन्यात कितीतरी वेळा एकीने दुसरीला विचारले असेल : तुझी बाई किती देते, खाडे कापते का, दिवाळीला काय देते? तोही रोजच्या जगण्यातला सल्लाच. आमच्या वहीत त्याला पान नाही.

आणि आता ती कसोटी आमच्यावर येते.

१९८२ साली पुण्यात नारी समता मंच स्थापन झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यातच लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत एका तरुणीचा मृत्यू झाला. खटल्यात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला मराठीत लिहिलेली पत्रे पुरावा म्हणून वाचली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तिच्या पतीला निर्दोष सोडले. त्या निकालावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण मैत्रिणीला लिहिलेले घरगुती पत्र, ज्यात बाई आपल्या संसाराविषयी अर्धे सांगते आणि अर्धे झाकते, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ओळ न् ओळ वाचले गेले, याची नोंद साहित्याच्या माणसांनी घ्यायला हवी. मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेले. ‘स्त्री’तून बाहेर पडलेल्या विद्या बाळ यांनी ऑगस्ट १९८९ पासून ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. मंचाच्या सल्ला केंद्राचे नाव ‘बोलते व्हा’. या नावात सल्ला हा शब्दच नाही. समोरचीने बोलावे, एवढीच विनंती आहे.

हे सर्व आम्हांला ठाऊक होते. आम्ही हे शिकवत होतो. तरीही पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या भिशीतली एक मैत्रीण एका दुपारी सगळ्या जणी उठल्यावर मागे राहिली आणि तिने दंडावरचा वळ दाखवला, तेव्हा आम्ही दोघींनी तिला काय सांगितले ते आठवते. मुलगा दहावीला आहे, एवढे वर्ष जाऊ दे. तो चिडला की समोरून बाजूला होत जा. तुझ्याच बऱ्यासाठी सांगतोय. रानड्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा मऊ स्वर आमच्या तोंडून जसाच्या तसा निघाला. त्या दिवशी मंचाचा पत्ताही आम्ही तिला दिला नाही. आठवला नाही असे नव्हे, द्यावासा वाटला नाही, घरातली गोष्ट बाहेर जाईल म्हणून. पुढचे दोन महिने ती भिशीला आली, पण हप्ता देऊन लगेच निघून जाई. मग तीही बंद झाली. दहावीचा निकाल लागण्याआधीच ती मुलाला घेऊन भावाकडे गेली. घटस्फोट तिने स्वतः घेतला, आमच्या सल्ल्याविरुद्ध.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिचा प्रसंग घालू का, हे विचारण्यासाठी आम्ही तिला फोन केला. ती आता दुसऱ्या शहरात शिकवण्या घेते. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घाला. फक्त मी काय करायला हवं होतं, ते नका लिहू.”

फोन ठेवताना तिने विचारले, की वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मेतकुटाचे प्रमाण आमच्याकडे आहे का. मुलगा आजारी पडला की मऊ भातावर तेच मागतो आणि बाजारचे त्याला चालत नाही. आम्ही वही काढून तिला वाचून दाखवले. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, उडदाची पाऊण, तांदूळ पाऊण, गहू मूठभर, मग धणे, जिरे, मेथ्या, सुंठ, हिंग. हळदीपुढे वहिनींनी नुसते ‘बेताने’ असे सांगितले होते. बेताने म्हणजे किती, असे तिने विचारले. एकीने सांगितले, अर्धा चमचा. दुसरीने सांगितले, पाऊण.